परत येता यावं

११ नोव्हेंबर २०१६
वर्गात तिबेटी मुलांच्या जागा रिकाम्या. स्वेटर विकायचा हंगाम. नोर्ग्येलिंग या त्यांच्या वसाहतीतली निम्मी घरं कुलूप लावून नागपूर-रायपूरला गेलेली. लुधियानाहून उधारीवर माल उचललाय आणि ऐन थंडीच्या तोंडावर पाचशे-हजाराच्या नोटा बंद.
त्यांच्यातल्याच एका विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, नोट्स व्हॉट्सॲपवर पाठवाल का?" मागे तिच्या आईची गिऱ्हाइकाशी घासाघीस चाललेली.

४ डिसेंबर
नागपूरला तिच्या स्टॉलवर गेले. विक्री मंद. कार्ड मशीन नाही, सुटे नाहीत.
इथे राहायचं तर पोलिसांत नोंद करावी लागते म्हणाली. आपल्याच राज्यातलं शहर. सहज सांगितलं, जसं आपण पाऊस पडला म्हणून सांगतो.

५ जानेवारी २०१७
कागद दाखवायला आली. झेरॉक्स साक्षांकित करून हव्यात.
एक रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. परदेशी म्हणून. त्यावर जन्मस्थळ जिल्हा भंडारा, कारण १९९७ साली गोंदिया वेगळा झाला नव्हता. जिल्हा बदलला, ती परदेशीच राहिली.
दुसरं हिरवं पुस्तक, निर्वासित तिबेटी प्रशासनाचं. वर्गणीच्या नोंदी. याच पुस्तकावर तिनं गेल्या मार्चमध्ये आयुष्यातलं पहिलं मत दिलं. ते सरकार जगातला एकही देश मान्य करत नाही. तरी ती त्या दिवशी नवा छुबा घालून गेली होती.
तिसरं अजून मिळायचंय. पिवळं, प्रवासाचं. मावशी ब्रसेल्सला असते. तिकडे नर्सिंग करायचंय.
"जायचंय का नक्की?"
"जायचंय. पण परत येता यावं, मॅडम."
त्या पिवळ्या पुस्तकावर बाहेर जायला परवानगी लागते आणि परत यायचा वेगळा शिक्का. मावसबहिणीचं पुस्तक वेळेत आलं नाही, शिष्यवृत्ती गेली.

२१ जानेवारी
तिचा धाकटा भाऊ बसमध्ये पुढच्या सीटवर. कंडक्टर हाफ तिकीट फाडायला निघाला, तर हा आमच्याच बोलीत म्हणाला, "हाफ कायले? फुल द्या जी."
अख्खी बस हसली. कंडक्टरनं पाठ थोपटली.

२७ फेब्रुवारी
लोसार, तिबेटी नववर्ष. वसाहतीत गेले. ताटभर खापसे, लोणी घातलेला खारट चहा.
तिच्या आजोबांना पोरं 'पोपो-ला' म्हणतात. १९५९ ला ल्हासा सोडलं तेव्हा बावीस वर्षांचे होते. १९७२ साली इथे आले तेव्हा इटियाडोह धरणाजवळचं हे सगळं जंगल. झाडं तोडून धानाची बांधी केली. पहाडातल्या माणसांना आमचा मे महिना कसा सोसला असेल!
त्यांच्या धाकट्या भावाचा फौजी पोशाखातला फोटो भिंतीवर. १९७१ च्या युद्धात चितगावच्या डोंगरात भारतासाठी लढला. स्पेशल फ्रंटियर फोर्स. त्या दलाला सगळे 'टू-टू' म्हणतात.

१० मार्च
ल्हासातल्या १९५९ च्या उठावाचा दिवस. आधी तिबेटी राष्ट्रगीत, मग 'जन गण मन'. दोन्ही तिला पाठ.
२००९ पासून तिबेटात एकशे चाळीसहून जास्त लोकांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यांचे फोटो रांगेनं लावलेले. बरेचसे वर्गातल्या मुलांच्या वयाचे. मी पुरते पाहू शकले नाही.
परतताना ती आणि तिच्या वर्गातला एक मुलगा सोबत. त्याला पूर्ण स्वातंत्र्यच हवं. दलाई लामांचा मध्यममार्ग, म्हणजे चीनमध्ये राहून स्वायत्तता, त्याला पटत नाही. हे सांगताना आवाज खाली आला. आजूबाजूला कुणीच नव्हतं.
ती म्हणाली, "मी ल्हासा पाहिलंच नाही. मला आधी तिकिटाच्या रांगेत सगळ्यांसारखं उभं राहायचंय." त्यानंतर बराच वेळ दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

२४ मार्च
बातमी! २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेट्यांना पासपोर्ट द्या, असं परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्ट कार्यालयांना कळवलंय. दिल्ली उच्च न्यायालयाच्या सप्टेंबरच्या निकालामुळे.
तिचे वडील १९७४ चे. म्हणजे जन्मानंच भारतीय. त्यांच्यामुळे तीही. इतकी वर्षं दोघं 'परदेशी' म्हणून सह्या करत आलेत.
फोन केला. बराच वेळ नुसती रडत होती.

३ एप्रिल
गुवाहाटीत दलाई लामांनी आसाम रायफल्सच्या जुन्या जवानाला मिठी मारली. १९५९ ला सीमेवर त्यांना सोबत करणाऱ्यांपैकी एक. ती सांगते, पोपो-ला टीव्हीसमोर हात जोडून उभेच राहिले.

२५ एप्रिल
तिबेटी धर्मगुरू पंचेन लामांचा वाढदिवस. चीननं नेलं तेव्हा सहा वर्षांचा मुलगा. आज अठ्ठावीस. भिंतीवर फोटो अजून सहा वर्षांचाच.

१७ मे
तिच्या वडिलांच्या जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं. ग्रामपंचायतीत खेपा.

२८ जून
पासपोर्टला अटी आल्या. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आणि पिवळं पुस्तक रद्द करून घ्या. तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडा. वसाहत सोडा.
शेवटची अट परत परत वाचली.

६ जुलै
दलाई लामांचा वाढदिवस. गोड भात. पाऊस, रोवणी चालू.
तिचा भाऊ म्हणतो, सोडू वसाहत, जवळच्या अर्जुनीत खोली घेऊ. तिचं उत्तर एवढंच : पोपो-लांना दुसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? आणि बांधी?
वडील एकच वाक्य बोलले. "मॅडम, घर सोडून पासपोर्ट घ्यायचा, तर तो घेऊन परत यायचं कुठे?"

९ जुलै
मला तर ही अट बेकायदेशीरच वाटते. जन्मानं मिळालेलं नागरिकत्व आहे, कुणी दान दिलेलं नाही. घर सोडायच्या बोलीवर ते देणारे आपण कोण? हे कोर्टातच विचारायला हवं, आणि त्याचा खर्च स्वेटर विकणाऱ्या एकट्या घरावर पडता कामा नये. स्टाफरूममध्ये बोलले. चौघांनी पैसे द्यायची तयारी दाखवली.
उद्या सकाळच्या गाडीनं गोंदियाला वकिलांकडे. ती, तिचे वडील आणि मी.