केरी ते केरी : दवाची वाट आणि मोटारीचे ब्रेक

गोमंतकात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यांतील एक पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदीच्या मुखाशी, समुद्राच्या कुशीत वसलेले; दुसरे सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, सह्याद्रीला पाठ टेकून बसलेले. समुद्राकडील केरीहून निघालेली मोटार हरमल, मांद्रे, पेडणे, धारगळ अशी येते, कोलवाळच्या पुलावरून नदी ओलांडून बार्देशात शिरते आणि अस्नोड्यावरून डिचोलीस पोचते. पुढे साखळी आणि मग दुसरी केरी. समुद्रसपाटीपासून सह्याद्रीच्या पायरीपर्यंतचा हा प्रवास पौष-माघातील पहाटे करावा. माडांच्या झावळ्यांवरून दव ठिबकत असते, डिचोलीच्या बाजूच्या सखल शेतांवर धुके दाटलेले असते, आणि नार्वे येथील सप्तकोटीश्वराच्या दिशेने जाणाऱ्या वाटेवर बागायतीचा ओला गंध पसरलेला असतो. १६६८ साली शिवछत्रपतींनी ज्याचा जीर्णोद्धार केला, तेच हे देवस्थान.

या रम्य पहाटेलाच मोटारवाल्यांची एक नेहमीची तक्रार जोडलेली आहे : "सकाळी पहिल्यांदा ब्रेक नीट लागत नाहीत, थंडीमुळे असेल." येथे पारा विसाच्या आसपास उतरला तरी थंडी पडली असे आपण म्हणतो. एवढ्याशा गारव्याने ब्रेक निकामी होत नाहीत. खरा अपराधी आहे तो ओलावा.

रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर दव पडते, तसे ते चाकांतील लोखंडी ड्रमवर आणि डिस्कवरही साचते. सकाळपर्यंत त्यावर गंजाचा पातळ थर धरतो आणि ब्रेकच्या लायनरलाही दमटपणा येतो. लायनर व लोखंड यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा आला, की घर्षण कमी होते आणि गाडी अपेक्षेपेक्षा चार हात पुढे जाऊन थांबते. कधी याच्या उलट घडते : गंजामुळे ब्रेक एकदम पकडतो आणि गाडी हिसका देते. हँडब्रेक ओढून ठेवला असेल, तर मागचे शू ड्रमला चिकटूनही बसतात. हा दोष मात्र क्षणिक आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू चालवीत चार-पाच वेळा ब्रेक हलकेच दाबले, की उष्णतेने ओल उडते आणि गंज खरवडून जातो.

पण त्यासाठी सपाट रस्ता आधी मिळाला पाहिजे. केरीहून तेरेखोलला जाणारी किंवा नार्व्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट गाठायची असेल, तर मोटार थेट पाण्याकडे उतरणाऱ्या धक्क्यावर न्यावी लागते. पहिला ब्रेक तेथे आजमावणे म्हणजे नदीशी पैज लावणे होय.

चार-पाच दाबांनंतरही दुबळेपणा राहिला, तर कारण दुसरीकडे शोधावे. इंजिन बंद असताना पेडल तीन-चार वेळा दाबावे. ते कडक होईल. तसेच पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करीत आहे असे समजावे. कडकच राहिले, तर बूस्टरची निर्वात नळी, तिचा व्हॉल्व्ह किंवा आतील पडदा मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. पाय स्थिर ठेवूनही पेडल सावकाश खाली बसत गेले, तर मास्टर सिलिंडरची रबरे झिजली आहेत किंवा कोठेतरी ऑइल गळत आहे. दोन-तीनदा दाबल्यावरच ब्रेक लागत असेल, तर नळ्यांत हवा शिरलेली असते किंवा शूंचे अंतर वाढलेले असते. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या-त्या चाकांकडे पाहावे. ऑइलने भिजलेला लायनर पाण्याप्रमाणे वाळत नाही. तो बदलावाच लागतो.

आता दुसऱ्या केरीकडे वळू. ओलावा बाहेर असतो तसा आतही असतो. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील बाष्प हळूहळू शोषून घेते. डॉट-३ जातीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांवर येते. पेडण्याची खारी हवा आणि आपला चार महिन्यांचा पावसाळा ध्यानात घेता, हे ऑइल जुने होऊ देणे परवडणारे नाही. सपाटीवर त्याचा दोष जाणवत नाही. चोर्ल्याहून उतरताना मात्र सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता ऑइलपर्यंत पोचते, त्यातील पाणी उकळते आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जाऊन टेकते आणि गाडी मात्र वेग सोडत नाही.

यास्तव ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातील जुना दंडक आजही खरा आहे. ब्रेकवर पाय ठेवून बसू नये; वेग वाढेल तेव्हा ठामपणे दाबून सोडावा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीस, सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी, ऑइल बदलावे.

पहाटेचे दव सूर्य वर येताच नाहीसे होते. ऑइलमध्ये मुरलेले पाणी तसे जात नाही. सकाळच्या तक्रारीवर थंडीचे नाव घालून जो गप्प बसतो, तो या दुसऱ्या पाण्याचीही चौकशी करीत नाही. डिचोलीच्या बाजारात गाडी थांबवून चहा घेणारांनी तेवढ्या वेळात बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहावी. पुढे साखळी आहे, आणि त्यापुढे घाट.