वहीत उतरवलेल्या कविता

४ जुलै
‘भिजकी वही’ पुन्हा काढली. अरुण कोलटकरांचा हा जाडजूड संग्रह अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने २००३ मध्ये काढला. पुढच्याच वर्षी कोलटकर गेले. पुराणांतल्या, इतिहासातल्या, आपल्या काळातल्या बायकांचं रडणं हा त्याचा विषय. कण्णगी, कॅसांड्रा, हायपेशिया अशा एकामागून एक भेटत जातात. आज फक्त ‘नादेझ्दा’ वाचली आणि थांबले. तिचा नवरा, कवी ओसिप मांडेलस्टाम, १९३८ मध्ये स्टालिनच्या छावणीत मेला. त्याच्या कविता घरात सापडणं धोक्याचं, म्हणून तिने त्या वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवल्या. कोलटकरांची मराठी या संग्रहात अगदी बोलण्यातली आहे. जड शब्द आणून दुःखाला भारदस्त करायचा मोह त्यांना होत नाही, म्हणूनच ते दूरदेशीचं दुःख माझ्या भाषेत येऊन बसतं.

५ जुलै
नवं काही वाचलं नाही. कालचीच कविता वहीत उतरवून काढली. हाताने लिहिताना ओळ कुठे मोडली आहे ते नीट कळतं.

९ जुलै
अनुराधा पाटील. ‘कदाचित अजूनही’ला २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं, त्याआधी कितीतरी वर्षं त्या लिहीतच होत्या. ही कविता आवाज चढवत नाही. गावातल्या बाईचं सोसणं ती सांगते, पण तिच्यासाठी आपल्याकडे दया मागत नाही. हा संयम पेलणं फार अवघड आहे. घाईने चाळणाऱ्याच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही.

१४ जुलै
आज वाहरू सोनवणे. ‘गोधड’ १९८७ चा. शहाद्याकडच्या आदिवासींच्या चळवळीत वावरलेला हा कवी भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहितो. भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ही शेजारीच ठेवला आहे. मराठीत गोंडी शब्द बेधडक आणणारा हा कवी २००७ मध्ये गेला.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. समकालीन कवितेवर लिहिताना या दोघांना ‘आदिवासी कविता’ नावाच्या वेगळ्या प्रकरणात बसवतात, आणि तिथे फक्त जंगल, भूक, शोषण यांची चर्चा होते. ओळीची लय, कुठे थांबायचं याची जाण, वाचणाऱ्याला थेट जाब विचारण्याचं धाडस, याबद्दल चकार शब्द नाही. कोलटकरांच्या कवितेला जे प्रश्न विचारतो, तेच इथेही विचारले पाहिजेत. विचारले की दिसतं, वाहरूंची कविता किती कमी शब्दांत उभी आहे. तिथे एक विशेषण काढायला जावं, तर काढायला विशेषणच नसतं.

१६ जुलै
भाचीचा फोन. “मावशी, नवीन कवितेत सुरुवात कुठून करू?” तिला ‘गोधड’ पाठवते आहे. भिली कविता आधी मोठ्याने वाच, मराठी नंतर, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी, एवढंच चिठ्ठीत लिहिलं. पुढच्या रविवारी ती आली की दोघी मिळून अनुराधाबाई वाचू.