पाण्याला वाट देणारें घर

व्हेनिस शहराविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत सेंट मार्कचा चौक, गोंडोला नांवाच्या होड्या आणि कबुतरें यांचेंच वर्णन फार. या चौकापासून थोड्याच अंतरावर सांता मारिया फोर्मोझा नांवाचें एक पटांगण आहे. त्याच्याजवळ, एका अरुंद कालव्याच्या कांठीं, क्वेरीनी स्ताम्पालिया या सरदार घराण्याचा सोळाव्या शतकांतील वाडा उभा आहे. ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित वाडा आहे, आणि त्याचें काय करावें या विवंचनेंत भाऊभाऊ एकमेकांशीं नीट बोलेनासे झाले आहेत, अशांनीं व्हेनिसला गेल्यास बाकीचें कांहीं राहिलें तरी चालेल, पण हा वाडा अवश्य पाहावा.

घराण्यांतील शेवटचा पुरुष, काउंट जोव्हान्नी क्वेरीनी, १८६९ सालीं वारला. वाडा, ग्रंथ, चित्रें, सामानसुमान हें सारें त्यानें लोकांच्या उपयोगासाठीं ठेविलें; इतर ग्रंथालयें बंद असतात अशा वेळीं, विशेषतः सायंकाळीं, येथील ग्रंथालय उघडें असावें अशी सोयही मृत्युपत्रांत केली. वरच्या मजल्यांवर ग्रंथ आणि चित्रें सुखरूप राहिलीं. अडचण होती ती तळमजल्याची. मोठी भरती आली कीं कालव्याचें पाणी घरांत शिरे. ओल चढे, विटा खाऱ्या होऊन झडत. असल्या जागेचें व्हावें तेंच झालें: ती निरुपयोगी पडून राहिली.

१९६१ ते १९६३ या काळांत कार्लो स्कार्पा या व्हेनिसच्याच गृहस्थानें हें काम केलें. मुरानोच्या कांचकारखान्यासाठीं त्यानें अनेक वर्षें भांडीं आंखलीं होतीं. वास्तुविशारदाचा परवाना मात्र त्याच्यापाशीं नव्हता. कोणीही शहाणा मनुष्य पाणी बाहेर कसें ठेवावें याचा विचार करील. स्कार्पानें तें आंत घेतलें! कालव्याकडील कमानींना लोखंड आणि पितळ यांच्या जाळ्या बसविल्या, आंत दगडी पायऱ्या निरनिराळ्या उंचीवर रचिल्या, आणि भरतीचें पाणी या पायऱ्या चढत येईल अशी योजना केली. माणसांची जाण्यायेण्याची वाट उंच उचलली असून तिला दोहों बाजूंस कांठ आहेत. एखादें मोठें तबक ठेवावें तशी ती दिसते. ही नवी जमीन जुन्या भिंतीला कोठेंही चिकटत नाहीं. दोहोंमध्यें एक पन्हळ सोडला आहे, त्यांतून पाणी येतें आणि ओहोटीबरोबर निमूटपणें परत जातें.

या पन्हळापाशीं आम्ही बराच वेळ उभे राहिलों. नव्याजुन्याचा संबंध कसा असावा, याचें उत्तर त्या चार बोटांच्या फटींत आहे असें वाटलें. जुनी भिंत आपल्या जागीं जुनीच दिसते. नवें काम जुनेपणाचा आव आणीत नाहीं. जिन्याचेंही तसेंच. झिजलेल्या पायऱ्या उखडून न टाकतां त्यांवर इस्त्रियाच्या दगडाच्या नव्या फरश्या ठेविल्या आहेत, आणि बाजूनें पाहिल्यास खालची मूळ पायरी दिसते. मोठ्या दालनांत भिंतींना फिकट ट्रॅव्हर्टाइन दगड लाविला आहे. एक दार तर त्याच दगडाचें आहे, आणि बंद असतां तें चटकन ओळखूं येत नाहीं. पटांगणाकडून येणारा पूल इतका हलका कीं शेजारच्या दगडी पुलांपुढें तो काडीचा वाटावा.

आपल्याकडे काय होतें? कडीपाट झांकून खालीं प्लॅस्टरचें छत लोंबतें, दगडी फरशीवर चकचकीत फरश्या बसतात, आणि माजघराला 'हॉल' म्हटलें कीं घर सुधारलें! नाहीं तर वाडा सरसकट पाडला जातो. स्कार्पानें काम आरंभिलें त्याच वर्षीं, १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतच्या पाण्यानें पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत कितीतरी घरें जमीनदोस्त केलीं. तें पाणी पाहुण्यासारखें येणारें नव्हतें; तेथें पायऱ्या आणि पन्हळ यांनीं कांहींच झालें नसतें. परंतु जे वाडे पाण्यांतून वांचले ते पुढें आपणच आपल्या हातांनीं पाडले, हें विसरून चालणार नाहीं.

येथें पैशाचा प्रश्न निघेल, आणि तो खरा आहे. संस्थेपाशीं असते ती ऐपत दहा वारसांच्या आणि जुन्या भाडेकरूंच्या वाड्यापाशीं कोठून असणार? तरी झिजलेल्या पायरीवर नवी फरशी ठेवणें हें ती उखडण्याहून महाग पडतें असें नाहीं. तेथें लागतो तो ती पायरी नीट पाहणारा मनुष्य आणि हाताखालचा जाणता गवंडी.

वाड्यामागें लहानशी बाग आहे. तेथेंही पाणीच, पण माणसाच्या हुकुमांतलें: दगडांत कोरलेल्या एका चिमुकल्या चक्रव्यूहांतून तें निघतें आणि हिरवळीच्या कडेनें सरळ पाटांतून वाहत जातें. पाखरें तेथें पाणी पितात. आम्ही निघालों तेव्हां वरच्या मजल्यावर दिवे लागले होते आणि विद्यार्थी वाचीत बसले होते.