फुलण्याआधीचा कोयता

उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. म्हणून यंदा कुंपणाच्या गिरीपुष्पाची छाटणी सूनबाईकडे गेली आणि छाटायचं नेमकं कधी, हा माझा जुना घोर पुन्हा वर आला.

माघ-फाल्गुनात गिरीपुष्प पानं टाकतं आणि उघड्या फांद्यांवर फुलतं. वांग्या-दोडक्याच्या वाफ्यांना त्याच्या पाल्याचं आच्छादन हवं असतं ते तेव्हाच. आमच्या जालन्याचा पाऊस ६५०-७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपतो. उघड्या वाफ्यात मोरीचं पाणी सोडलं तरी दुपारी भेगा दिसतात. कार्तिकात, कळी धरायच्या आत फांद्या उतरवल्या तर झाड फुलत नाही, नवी फूट काढतं आणि ती उन्हाळ्यात हिरवी राहते. पण कार्तिकात वाफे वालाने भरलेले, पाला टाकायला जागा नसते. म्हणून माणूस थांबतो. थांबला की जमिनीतली ओल सरते, फूट खुरटते, कोवळ्या शेंड्यांवर मावा चढतो आणि तिथून चवळीवर उतरतो.

इंग्लंडातले परसबागवाले आच्छादनाच्या पाल्याचं काम कॉम्फ्री नावाच्या वनस्पतीकडून घेतात. लॉरेन्स हिल्स यांनी एसेक्समधल्या बॉकिंगला तिचे वाण तपासले. त्यांतला 'बॉकिंग १४' मुळांच्या तुकड्यांपासून लावतात. थंड, ओलसर हवेत ती एका हंगामात अनेकदा कापता येते. मला हेवा वाटतो.

आमच्याकडे मात्र उलटंच. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाणं कंपनी काढली, जालना बियाण्यांचं गाव झालं. आता बियाण्याच्या पाकिटाला हजार मोजणारा शेतकरी बांधावरचा गिरीपुष्पाचा पाला मातीवर टाकायला कंटाळतो. वाळल्या पाल्यात २.५ ते ३ टक्के नत्र असतं, फुकटचं.

यात माझा अहंकारही आहे. फाल्गुनात सगळे बांध गुलाबी होतात, माझं कुंपण तेवढं हिरवं असतं आणि रस्त्याने जाणाऱ्याने थबकून विचारावं असं मला वाटतं. पाहुण्याला चहाआधी वाफ्यापाशी नेतो, पाला बाजूला सारतो. पानं कुजून नुसते देठ उरलेले, खाली ओली भुसभुशीत माती.

सूनबाई म्हणते, "मामा, कापसाची वेचणी होऊ द्या, मग छाटते." ती छातीच्या उंचीवर छाटते; मी शेळ्यांच्या भीतीने डोक्याच्या वर छाटायचो. तिचा काप तिरका, साल कुठे सोललेली नाही. उंचीचा हट्ट मी सोडला. विहिरीकडची ओळ मात्र अजून उभी आहे. कळ्या दिसायच्या आत, मजूर लावावा लागला तरी, ती उतरवून घेणार आहे.