एक जूनचे वाढदिवस आणि लांबच्या माणसांना द्यायच्या भेटी



१ जूनला सकाळी मोबाईल उघडून बघा. घरचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, जुन्या शाळेचा ग्रुप, सगळीकडे केकच्या चित्रांची रांग लागलेली असते. काका, मामी, निवृत्त गुरुजी, शेजारच्या आजी, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी! आपण शिक्षक असल्यामुळे यातली गंमत आपल्याला चांगली माहीत आहे. पूर्वी आईबाप पोराला शाळेत घालायला यायचे. जन्मतारीख विचारली की "आखाडात झालाय, पाऊस लय होता" एवढंच सांगायचे. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग रजिस्टरात १ जून लिहून मोकळे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, तोवर वय पूर्ण दिसायला हवं, एवढाच हिशेब. तीच तारीख पुढे दाखल्यावर, पॅनकार्डावर आणि आधारवर चढली.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या पालकसभेत एका आईने विचारलेला प्रश्न. सभा संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, माझे वडील लांब असतात. वाढदिवसाला काय पाठवू तेच सुचत नाही. लहान पोरांचं सोपं असतं हो. मोठ्या माणसांचं काय?"

खरंच, मोठ्यांचं अवघड असतं. त्यात माणूस लांब असेल तर जास्तच. मी स्वतः पाटण तालुक्यातली. नोकरीमुळे इकडे पिंपळवंडीला आले. आळेफाट्याहून पुण्याला जायचं, तिथून स्वारगेट गाठायचं आणि पाटणची एसटी धरायची, यात अख्खा दिवस जातो. आईचा वाढदिवस शाळेच्या दिवशी आला की जाणं होत नाही. काही पाठवायचं म्हटलं आणि फोनवर विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मला कशाला काय? तू ये फक्त."

आपल्या घरांमध्ये साडी आणि शर्टपीस या वस्तूंचा एक वेगळाच प्रवास असतो, तो तुम्हीही पाहिला असेल. मुलीने पाठवलेली साडी आई हातात घेते, पदर बघते, "भारी आहे गं" म्हणते आणि पेटीत ठेवते. पुढे कुणाच्या तरी लग्नात तीच साडी आहेर म्हणून जाते. तिथून आणखी कुठे जाते देव जाणे. यात आईची काहीच चूक नाही. दहा घरचे आहेर सांभाळायचे म्हणजे पेटीत चार साड्या शिल्लक असाव्याच लागतात. पण ती भेट आईला मिळाली असं म्हणता येणार नाही, ती भेट पेटीला मिळाली. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. दुसऱ्या कुणाला देताच येणार नाही अशी वस्तू शोधायची. तिच्या मापाची, तिच्या नंबरची, तिच्याच सवयीची.

आता हे लांबून कळायचं कसं? त्यासाठी विचारण्यापेक्षा बघावं लागतं. गेल्या दिवाळीनंतर आईशी व्हिडिओ कॉल चालला होता. तिने फोन कणगीला टेकवून ठेवला आणि ती चहा उकळायला गेली. मागे उंबऱ्याशी तिची चप्पल दिसत होती. एका चपलेचा अंगठा तुटलेला आणि तो सेफ्टी पिनेने अडकवलेला. पाच मिनिटांपूर्वीच ती म्हणाली होती, "सगळं आहे घरात." बोलताना माणूस आपल्याला काळजी नको म्हणून सगळं झाकतो, पण चप्पल झाकायचं त्याच्या ध्यानात येत नाही.

चप्पल पाठवायची तर माप हवं. दुकानातला सात नंबर आणि पायाचा सात नंबर यांचं जमतंच असं नाही, त्यात वय वाढलं की पाऊल पसरतं. मग मी शेजारच्या सातवीतल्या मुलाला हाताशी धरलं. संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने पाय जरा सुजलेले असताना, आईला वर्तमानपत्रावर उभं राहायला सांगायचं. बसून नाही, पूर्ण भार देऊन उभं. पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ ओढायची आणि शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवून फोटो काढायचा. पट्टी फोटोत असली की कितीही लांबून सेंटिमीटर मोजता येतात. (चौथीच्या मापनाच्या पाठाला हे उदाहरण छान चालतं, करून बघा.) मी त्या मापाचं पाऊल कागदावर काढून कापलं आणि ते कागदी पाऊल घेऊन नारायणगावच्या दुकानात गेले. दुकानदार हसला, पण दोन जोड बाजूला ठेवून तिसरा बरोबर काढून दिला.

आता इथलंच एक उदाहरण सांगते. आमच्या भागात ऊस भरपूर आणि उसात बिबट्या. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र तुम्ही ऐकून असाल. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची असली की माणसाला अंधारात मोटार चालू करायला जावंच लागतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आत्या कळंबोलीला राहते. तिने भावाच्या वाढदिवसाला डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी पाठवली. वस्तू काही फार महागाची नाही. पण दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने बारं मोडता येतं. मुलगी वर्गात सांगत होती, "आत्या रात्री फोन करून विचारायची, दादा आला का रानातून." आत्याला भावाची रात्र माहीत होती, म्हणून तिला भेट सुचली. वाढदिवसाच्या वस्तूंच्या याद्या मोबाईलवर शेकड्याने मिळतात, त्यात ही बॅटरी सापडली नसती.

आणि शुभेच्छांच्या चार ओळी तरी आपल्या शब्दांत लिहाव्यात. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन शब्द लिहायला छोटी जागा असायची. इथल्या कितीतरी घरांचा एक पाय मुंबईत, कुणी बाजारात, कुणी डबेवाल्यांत. त्या एवढ्याशा जागेत बैल, पाऊस, आईची खोकल्याची पुडी, सगळं मावायचं. आता स्टेटसला फोटो लावायला जागाच जागा आहे. असो.

आईच्या चपलेचं जमलं, पण माझ्या मनात दुसराच प्रश्न होता. कागदावर आईची जन्मतारीख १ जून १९६६. म्हणजे यंदा साठ. भाऊ म्हणत होता, साठीशांत करू. आपल्याकडे मोठ्या माणसांचे वाढदिवस तसे कधी व्हायचेच नाहीत. साठीला शांत, पंच्याहत्तरीला अमृतमहोत्सव आणि मग एकदम सहस्रचंद्रदर्शन. (हजार पौर्णिमा म्हणजे साधारण २९,५३० दिवस, म्हणजे ऐंशी वर्षं आणि दहा महिने. हेही गणित मुलांना घाला, त्यांना आवडतं.) पण साठीच करायची तर ती खऱ्या तारखेला नको का?

आईची आई, म्हणजे माझी आजी, पंच्याऐंशीच्या पुढे आहे. सुट्टीत गेले तेव्हा तिच्याजवळ बसले. तारीख विचारली असती तर ती "काय ठावं बाई" म्हणाली असती. म्हणून मी विचारलं, "आई झाली तेव्हा काय चाललं होतं?" आणि आजी बोलायला लागली. कोयनेचा भूकंप झाला होता. पहाटेची वेळ, भांडी फळीवरून खाली आली, दारातली म्हैस दावं तोडून पळाली. जमीन पुन्हा पुन्हा हलायची म्हणून घरात झोपायची सोय नाही. सगळे खळ्यात, कडब्याच्या आडोशाला. कडाक्याची थंडी. त्याच आठवड्यात, खळ्यात, दोन लुगड्यांच्या आडोशाने आई झाली. "दत्तजयंती होती," आजी म्हणाली, "पन देवळात कोन जातंय. भिताडं पडायची भीती. शनवार होता, तुजा आजा उपाशीच हुता."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला, तो दिवस सोमवार. कोयनानगर भागात दीडशेहून जास्त माणसं गेली, ही नोंद सगळीकडे आहे. त्याच आठवड्यातली दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, ती पंचांगाप्रमाणे १६ डिसेंबरला येते. आणि १६ डिसेंबरला वार शनिवार! आजीच्या तीन आठवणी, भूकंप, दत्तजयंती आणि शनिवार, एकाच तारखेवर येऊन बसल्या. वहीवर ती तारीख लिहिली तेव्हा माझे हात खरंच थरथरत होते. आजी अलीकडे नावं विसरते. मला कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारते. आणखी दोन वर्षांनी विचारलं असतं तर हे सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

आईला एका कानाने कमी ऐकू येतं. त्यामुळे फोनवरचं बोलणं हल्ली "जेवलीस ना, बरं आहे ना" एवढ्यावर आलंय. मग हे फोनवर सांगितलं नाही. चार पानी पत्र लिहिलं, ठळक अक्षरांत, वर्गातल्या फळ्यावर लिहिते तसं. आजीचे शब्द होते तसेच ठेवले, म्हशीसकट. वर तारीख घातली १६ डिसेंबर. चपलेच्या खोक्यात ते पत्र ठेवून आठ दिवस आधी पार्सल केलं.

त्या दिवशी संध्याकाळी फोन आला. चपलेचं ती एका वाक्यात बोलली, "घातल्यात, बसल्यात." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हंजे मी दीड वर्षानं ल्हान झाले की गं." आणि हसली. पत्र तिने शेजारणीकडून परत वाचून घेतलं, स्वतःला वाचता येत असून. साठीशांत आता डिसेंबर २०२७ ला करायचं ठरलंय. कागदावर १ जूनच राहू द्या, ते बदलायच्या भानगडीत मी कुणाला पडा म्हणणार नाही.

हाच उपक्रम मी चौथीच्या पत्रलेखनाला जोडला. घरातल्या किंवा लांबच्या एका मोठ्या माणसाच्या जन्माची गोष्ट विचारून यायची आणि त्याच माणसाला ती पत्रात लिहून पाठवायची. मुलांना सांगताना "तारीख विचारा" असं सांगू नका, तिथे गाडी अडते. कोणतं पीक उभं होतं, कोणता सण जवळ होता, पाऊस होता का, सुईण कोण होती, घरात आणखी कोण लहान होतं, असं विचारायला सांगा. एका मुलाचे आजोबा अकोले तालुक्यात असतात, त्यांना वाचता येत नाही. त्याने पत्र लिहिलं आणि वाचून त्याचा आवाज रेकॉर्ड करून चुलत्याच्या मोबाईलवर पाठवला. पंधरा ओळींत तीन ठिकाणी अडखळला होता. आजोबांनी ते अडखळणंच पुन्हा पुन्हा लावून ऐकलं म्हणे. सगळ्याच मुलांना गोष्ट मिळाली असं नाही. दोघांच्या घरी सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी मग आईच्या लग्नाचा दिवस घेतला, तेही चाललं.

आईचं बघून मामा म्हणाला, माझी पण काढ तारीख. त्याच्या दाखल्यावर १ जून १९७९ आहे. आजीकडे परत बसले. "ह्याच्या येळंला गिरान," ती म्हणाली, "भर दुपारी अंधारलं, कोंबड्या खुराड्यात गेल्या. मला घरातनं हलू दिलं न्हाई. दोन दिसांनी ह्यो झाला." ते मोठं सूर्यग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चं. कर्नाटकात ते खग्रास दिसलं, आपल्याकडेही बराच सूर्य झाकला होता. म्हणजे मामाचा वाढदिवस १८ फेब्रुवारी.

मामा वाशीच्या मार्केटला माथाडी आहे. पोती उचलून कंबर गेलीय, पण औषध पाठवलं तर रागावतो. त्याला आवडते ती मासवडी. आमच्या जुन्नर-नारायणगावची मासवडी लांबच्या प्रवासाची वस्तू नाही, पण रात्रीतून पोचली तर चालते. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचा भाजीचा टेम्पो रोज रात्री वाशीला जातो. १७ तारखेला संध्याकाळी घरी मासवड्या केल्या, रश्शाला वेगळा डबा केला, झाकणाला कापड बांधलं आणि डबा टेम्पोत केबिनमध्ये ठेवायला दिला. वरच्या चिठ्ठीत ग्रहणाची आणि कोंबड्यांची गोष्ट.

पहाटे साडेपाचला मामाचा फोन. मागे हमालांचा गलका. म्हणाला, "चौघांनी खाल्ली, मला दोनच वड्या आल्या. कोंबड्यांचं सगळ्यांना वाचून दाखवलं. आता डबा परत कुणाकडं देऊ?"