पोवळे : दगड, पालवी, प्राणी

‘प्रवाळ’ या शब्दाविषयी मला फार वर्षांचे कुतूहल आहे. संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे कोवळी पालवी आणि प्रवाल म्हणजे पोवळेही. ‘विद्रुम’ या त्याच्या दुसऱ्या नावातही द्रुम, म्हणजे झाड, आहेच. मराठी घरात मात्र पोवळे येते ते मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसून, नाहीतर वैद्याने दिलेल्या प्रवाळभस्माच्या पुडीतून. म्हणजे भाषेने त्याला एकदा वनस्पती मानले आणि एकदा खनिज. तो प्राणी आहे, हे युरोपातही पेसोनेल या फ्रेंच वैद्याने अठराव्या शतकात सांगितले, तेव्हा तिथल्या विद्वानांना ते सहजी पटले नव्हते.

हा प्राणी मी प्रथम जवळून पाहिला तो समुद्रकिनारी नव्हे, तर नगरमध्ये, आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांच्या बैठकीत. काचेच्या टाकीत, निळसर प्रकाशात, छत्रीसारखी आणि बटणांसारखी मऊ प्रवाळे डुलत होती. दगड बांधणारी प्रवाळे त्यांच्याकडे नाहीत, आणि ती नसण्याचे कारण कायद्यात आहे. 2001 पासून ही सर्व प्रवाळे, तसेच काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. मालवणच्या पाण्यातला प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणे म्हणजे काय, हे त्यावरून समजावे. ज्याला भाषेने रत्नांच्या पंगतीत बसवले, त्याला कायद्याने वाघाशेजारी बसवले आहे!

गेल्या मे महिन्यात ते पंधरा दिवस गावी गेले आणि टाकी माझ्याकडे सोपवून गेले. सोबत एक वही दिली. पाण्याचे तापमान 24 ते 27 अंश, क्षारता हजार भागांत 35. रोज सकाळी मोजायचे आणि लिहायचे. नगरच्या उन्हाळ्यात यातला प्रत्येक आकडा राखणे हे एक युद्धच असते. बाहेर पारा चाळिशी गाठतो, म्हणून पाण्यावर पंखा लावायचा. वारा लागला की बाष्पीभवन वाढते आणि त्याने पाणी थंड होते. पण वाफ होऊन जाते ते पाणी, मीठ मागेच राहते, आणि टाकी दिवसागणिक खारट होत जाते. म्हणून भर घालायची ती खाऱ्या पाण्याची नव्हे, गोड्या पाण्याची. तेही नळाचे किंवा बोअरचे नको, गाळणीयंत्रातून क्षार काढून टाकलेले हवे. आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर चढतो. त्यातला चुना प्रवाळाला हवाच असतो; मात्र त्याच्याबरोबर नको तेही बरेच येते. म्हणून आधी सगळे काढायचे आणि मग हवे तेवढेच मोजून घालायचे.

आठव्या दिवशी रात्री वीज गेली. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. इन्व्हर्टरही तासाभरात मान टाकून बसला. बॅटरीवरचा छोटा हवापंप वहीत लिहिल्याप्रमाणे लावला आणि मी टॉर्चच्या उजेडात तिथेच बसून राहिलो. मिटलेल्या त्या जिवांकडे पाहताना वाटले, यांना आवाज नाही, चेहरा नाही. त्रास होत असेल तर तो आपल्याला फक्त रंगावरून आणि मिटण्यावरून वाचता येतो. वाचनाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला ही लिपी अगदीच अनोळखी होती. पहाटे वीज आली. दुपारपर्यंत सगळी फुलली.

या रंगातच ‘पालवी’ या अर्थाचा उलगडा आहे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशात अन्न तयार करून त्यातला बराच वाटा यजमानाला देते. पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. लगेच मरते असे नाही, पण उपासमार सुरू होते. 2024 च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळे अशीच मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. तिथे पंखा कोण लावणार?

घरात समुद्र कोंडावा का, हा प्रश्न मी सहकाऱ्यांना विचारला होता. त्यांनी समर्थन केले नाही. आहेत त्या प्रवाळांचेच तुकडे करून वाढवतो, समुद्रातून नवे काही आणत नाही, एवढेच म्हणाले. मला हे उत्तर अपुरे वाटते आणि तरी प्रामाणिक वाटते. कुणाच्या हौसेने दूर आणलेल्या जिवाचे आपल्यावर ऋण राहते, आणि ते रोज सकाळी एक-दोन आकड्यांनी फेडावे लागते.

जुन्या कवितेत ओठांना प्रवाळाची उपमा आली की वर्गात आम्ही ‘लाल रत्न’ असा अर्थ सांगून पुढे जातो. यंदा मी तिथे थोडा थांबलो. सांगाडा दगडाचा, रंग वनस्पतीचा आणि जीव प्राण्याचा, असे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, मग अंगठीत असतं ते काय?”

“सांगाडा,” मी म्हणालो. वर्ग क्षणभर गप्प झाला.