घोडा, होडी आणि अकरा नंबरची बस

डिसेंबर उजाडला की ऑफिसात कुणीतरी ती जाहिरात फॉरवर्ड करतंच. परदेशातलं निळंशार तळं, त्यात लाल रंगाची कनू, काठावर धष्टपुष्ट घोडे, मागे बर्फाचे डोंगर आणि सोबत दाढीवाला गाइड. वल्हवा, दौडा, चाला... सगळं एकाच पॅकेजमध्ये! खाली डॉलरमधला आकडा. मग लंच टेबलवर सामुदायिक उसासे. व्हिसा, ईएमआय, शिल्लक रजा यांची बेरीज-वजाबाकी. आणि शेवटी काय? लोणावळा.

पण थांबा. हे तिन्ही प्रकार एका लाँग वीकेंडला, एकाच जिल्ह्यात जमतात. जिल्हा रत्नागिरी. आणि गंमत म्हणजे इथे हे कॉम्बिनेशन कुठल्या टूर ऑपरेटरच्या सुपीक डोक्यातून आलेलं नाही. जहाजातून दाभोळला उतरलेला माल होडीने वाशिष्ठीच्या खाडीतून चिपळूणकडे यायचा, तिथून जनावरांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर चढून घाट ओलांडायचा आणि देशावर जायचा. समुद्र, खाडी, डोंगर. त्या काळचा हायवेच म्हणा ना! आपण फक्त त्याला ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणायचं.

तर आम्ही पाचजण. तिघं पुण्याचे, दोघं मुंबईचे. गुरुवारी दुपारी ऑफिसला टांग मारून संध्याकाळी दापोलीजवळच्या कर्दे-मुरूडला पोचलो. (हे महर्षी कर्व्यांचं मुरूड बरं का, जंजिऱ्याचं नव्हे. मॅपवर भलतंच मुरूड टाकून अलिबागच्या पुढे पोचलेली माणसं मला माहीत आहेत.)

किनाऱ्यावर घोडे उभे होते, घोडेवाल्याचा ठरलेला प्रश्नही तयार होता, ‘‘फोटो की फेरी?’’ बहुतेकांना फोटोच हवा असतो. ‘‘फेरी नको, शिकायचंय,’’ म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘मग ताई, सकाळी सहाला या. पौर्णिमा आहे, तेव्हा ओहोटी असेल. वाळू घट्ट असते आणि बघायला कुणी नसतं.’’

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा होता हे सकाळी कळलं.

रिकिबीत अख्खं पाऊल घालायचं नाही, नुसता चवडा टेकवायचा. टाच खाली. लगाम धरायचा, ओढायचा नाही. ‘‘त्याच्या तोंडात लोखंड आहे ताई, तुमच्या नाही,’’ हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की माझी मूठ आपोआप सैल झाली. अर्धा तास नुसतं चालवलं आणि मग दुडकी चाल. घोडा वर, आपण खाली, आपण वर, घोडा खाली! ताल जमेपर्यंत मणके एकमेकांची विचारपूस करतात. पण एकदा जमला की समोर मैलभर ओली वाळू, डावीकडे फेस, आणि तोपर्यंत क्यूबिकलमध्ये वाकलेली पाठ चक्क ताठ झालेली असते.

खरं तर कोकण हा घोड्यांचा मुलूखच नाही. दमट हवा, भाताची खाचरं, चढउताराच्या वाटा. इथे घोडा यायचा तो समुद्रावरून. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी विकायला म्हणून एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. बिचाऱ्याला मोठ्या मिनतवारीने घोडा परत मिळाला. हाच निकितीन 1472 च्या सुमारास मायदेशी जायला दाभोळहून जहाजात बसला. अरबस्तान, खुरासानहून घोडे दाभोळ बंदरात उतरतात, असं त्याने लिहून ठेवलंय. बहामनी, मग आदिलशाही... देशावरच्या फौजांना घोडे हवेच असायचे. आमचा घोडेवाला मात्र उलट दिशेने येतो. सीझनला घाटावरून घोडे घेऊन खाली, पावसाळ्यात परत वर. किनाऱ्यावर चार महिने गिऱ्हाईक नाही, पण घोड्याला खायला तर रोज लागतं.

कर्द्याहून दाभोळ फार लांब नाही. आजचं दाभोळ बघून इथे एके काळी घोड्यांनी भरलेली जहाजं लागत होती यावर विश्वास बसत नाही. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. आता धक्क्यावर फेरीबोट लागते. तिच्यात तुमची कारसुद्धा चढते आणि वीसेक मिनिटांत पलीकडे धोपाव्याला उतरते. मधे उभं राहून बघा. खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड आणि त्याच्याजवळच वीजप्रकल्प. मूळची कंपनी 2001 मध्ये बुडाली, प्रकल्पाचं नाव बदललं, पण फेरीतले लोक अजून बोट दाखवून ‘एन्रॉन’च म्हणतात.

रात्री चिपळूणला मुक्काम. आता कनूचं काय?

कनू नाही. होडी आहे. आणि कयाकचा हट्टही धरू नका, कारण चिपळूणच्या या पाण्यात मगरी आहेत! गावात सगळे ‘सुसर’ म्हणतात, पण पुस्तकातली लांब नळीसारख्या तोंडाची सुसर ती ही नव्हे. ही आपली मगरच, चांगली रुंद जबड्याची. गोवळकोटच्या धक्क्यावरून होड्या मिळतात. समुद्रापेक्षा इथवर ओहोटी उशिरा पोचते, तेव्हा नऊच्या सुमाराला पाणी उतरायला लागलं, काठचा चिखल उघडा पडला आणि त्या चिखलावर ओंडके दिसायला लागले. एका ओंडक्याने तोंड उघडलं. आमच्यातल्या एकाने मोबाइल सोडून होडीची कड धरली.

‘‘घाबरू नका, जांभई नाही ती. अंग तापलं की तोंड उघडून निववतात,’’ होडीवाले काका म्हणाले. त्यांनी इंजिन केव्हाच बंद केलं होतं. होडी पाण्याबरोबर नुसती सरकत होती. कांदळवनातून ढोकरी उडाली, खंड्याने निळी रेघ मारली. नऊ मगरी मोजल्या आम्ही. जवळ जायचा आग्रह काकांनी साफ धुडकावला. ‘‘तिचं घर आहे. आपण रस्त्याने चाललोय.’’

परतताना वल्हं हातात दिलं. दहा मिनिटांत दंड भरून आले. ‘‘हाताने नाही, कमरेने मारा,’’ काका म्हणाले. जिममध्ये महिन्याला दोन हजार भरून जो स्नायू सापडला नव्हता तो सापडला.

आता या पाण्याची गोष्ट. डिसेंबरात, अगदी मे महिन्यातसुद्धा वाशिष्ठीला पाणी असतं, कारण त्यातलं बरंचसं पाणी तिचं नाहीच. ते कोयनेचं आहे. कोयना खरी पूर्वेला वाहणारी, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी नदी. धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, पोफळीच्या बाजूला खाली पाडलं, त्यावर वीज केली आणि ते वाशिष्ठीत सोडलं. लवादाने ठरवून दिलंय, वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत. प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट. तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरमध्ये त्यातली थोडीफार असणारच.

काकांचा मूळ धंदा मासेमारीचा. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी खाडीत येतं, मासे मरतात, ही इथल्या मच्छीमारांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. ‘‘मासा कमी झाला म्हणून मगर दाखवतो,’’ काका हसत म्हणाले. मग 22 जुलै 2021 चा पूर. बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं होतं ते त्यांनी हात वर करून दाखवलं. हात पुरला नाही.

त्या संध्याकाळी खेड तालुक्यातल्या चोरवण्याला पोचलो. सह्याद्रीच्या अगदी पायथ्याचं गाव. इथून वर नागेश्वरची गुहा. पुणेकर ट्रेकर्सना नागेश्वर माहीत असतो तो वासोट्याला जोडून, बामणोलीहून बोटीने शिवसागर ओलांडून जाताना. कोकणातून चढणारे कमी. चढ उभा आहे, हे त्याचं कारण.

जेवणं झाल्यावर वाटाड्याच्या पैशांवरून घासाघीस सुरू झाली. करणारा आमचाच मित्र, ज्याच्या पायातले बूट साडेआठ हजारांचे होते. ‘‘जीपीएस ट्रॅक आहे माझ्याकडे, कशाला एवढे?’’ मामा (वाटाड्याला सगळं गाव मामाच म्हणतं) काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘तुमच्या फोनातली वाट कोणत्या सालची?’’ मित्राने बघितलं. तीन वर्षांपूर्वीची होती. ‘‘दर पावसानंतर मी कोयती घेऊन जातो आणि वाट मोकळी करतो. दोन वर्षं कुणी गेलं नाही तर कारवी तिला गिळते. मग तुमचा फोन बरोबर सांगेल, पण पाय ठेवायला जागा नसेल.’’ पैसे ठरले तेवढेच ठरले, आणि मला वाटतं थोडे कमीच ठरले. मामांचा मुलगा पुण्यात चाकणला कंपनीत आहे. त्याला वाट पाठ नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. वाडी मागे पडली, ओढा ओलांडला आणि झाडी सुरू झाली. मग तीन-साडेतीन तास नुसता चढ. अकरा नंबरच्या बसला इथे फर्स्ट गिअरच! मामा पायात साध्या रबरी चपला घालून पुढे, आणि साडेआठ हजार रुपये धापा टाकत मागे. मधेच मामा थांबायचे. शेकरूचं घरटं. गव्याचे खूर. एका झाडाच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे, ताजे. त्यानंतर आमच्यातली अखंड बडबड आपोआप बंद झाली. हे कोयना अभयारण्य, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. परवानगी लागते, मुक्काम करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. रात्री स्पीकर लावून नाचणाऱ्यांसाठी हे जंगल नाहीच. फक्त परवान्याच्या अर्जात गाडीचा नंबर जितक्या काळजीने विचारतात तितक्याच काळजीने ‘गावातला वाटाड्या कोण’ हेही विचारलं तर मामांचा मुलगा कदाचित एखादा रविवार गावी येईल.

गुहेत थंडगार अंधार. छतातून पाणी झिरपतं ते थेंब थेंब पिंडीवर. महाशिवरात्रीला दोन्ही बाजूंनी लोक चढतात, कोकणातून आणि कोयनेच्या खोऱ्यातून. बाहेर आलं की पायाखाली अख्खं कोकण, खाचरं, कौलं, धुरकट रेघा. पलीकडच्या अंगाला वासोट्याचा डोंगर आणि त्याच्याही पलीकडे शिवसागर जलाशय. काल ज्या पाण्यात वल्हं मारलं ते तिथून निघून, याच रांगेच्या पोटातून, थोडं दक्षिणेला, खाली उतरलं होतं. आम्ही त्याला डोंगरावरून भेटायला आलो होतो.

मामांनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली. देवाच्या दारात नको म्हणून थोडं खाली उतरून बसलो. खाता खाता पूर्वेला मान उडवून म्हणाले, ‘‘आजीचं माहेर तिकडे. कोयनेच्या काठाला.’’

‘‘मग ती माहेरी जायची कशी?’’ मी विचारलं.

‘‘अशीच. याच वाटेने. डोक्यावर सुकी मासळी घेऊन जायची, येताना नाचणी, घेवडा घेऊन यायची. कडेवर माझा बाप. एका दिवसात जायची म्हणे.’’ मग धरण झालं. माहेर पाण्यात गेलं, भाऊ उठून ठाणे जिल्ह्यात पुनर्वसनाला गेले. ‘‘त्यानंतर ती इकडे फक्त शिवरात्रीला यायची. दर्शन झालं की तिकडे तोंड करून बसायची थोडा वेळ.’’

आमच्या मित्राने बूट काढून ठेवले होते. त्याने ते परत घातले, लेस बांधायला जरा जास्तच वेळ घेतला. उतरताना तो मामांच्या मागोमाग होता आणि कुठला फाटा कुठे जातो ते विचारून फोनमध्ये नाही, वहीत लिहून घेत होता. खाली वाडीत पोचल्यावर मामांच्या हातात त्याने काय ठेवलं ते मी बघितलं नाही. मामांनी मोजलंही नाही.

जाणार असाल तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कोकण रेल्वेने खेड किंवा चिपळूण, पुण्याहून गाडीने उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट. तिथी बघून तारीख ठरवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी ओहोटी मिळते, घोड्यालाही आणि मगरींनाही सोयीची. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, नसेल तर दुसरी होडी बघा. नागेश्वरला जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा, वाटाड्या गावातलाच घ्या, माणशी तीन लिटर पाणी न्या आणि दुपारी दोनच्या आत उतरायला लागा. पावसाळ्यात जळवा आणि निसरडं, तेव्हा नको. आणि मे महिन्यात जाणार असाल तर डोंगर विसरा, दापोलीला बसून आंबे खा.